आमटी पातळ करण्याआधी

पिरंगुटहून एका ताईंनी लिहिलं आहे : ‘घरात सहा माणसं. मिस्टर कंपनीत कंत्राटी कामाला, सासऱ्यांना साखर, सासूबाईंची हाडं दुखतात, मुलगा सातवीत, मुलगी अंगणवाडीत. किराणा, दूध, भाजी, गॅस यांतच पगार संपतो. तब्येतीला धक्का न लावता जेवणाचा खर्च कुठे कमी करता येईल?’

ताई, हा प्रश्न भूगावपासून ताम्हिणीपर्यंत कितीतरी घरांत आहे, फक्त तो डॉक्टरला कुणी विचारत नाही. लोक स्वतःच काहीतरी कापून मोकळे होतात. काय कापलं ते मग दवाखान्यात कळतं. पैसे कमी पडले म्हणून फरसाणाची पुडी थांबत नाही, चहा कमी होत नाही. आधी आमटी पातळ होते, मग अंडी बंद होतात. घरातली बाई सगळ्यांच्या मागून जेवायला बसते, तेव्हा पातेल्यात डाळ तळाला आणि पाणी वर अशीही स्थिती नसते, नुसतं पाणीच असतं. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या २०१९-२१च्या फेरीत महाराष्ट्रातल्या १५ ते ४९ वयाच्या ५४ टक्के बायकांच्या अंगात रक्त कमी निघालं. या काही सगळ्या अन्नाला महाग असलेल्या घरांतल्या नव्हत्या. म्हणून माझं सांगणं एवढंच : ताटाबाहेरचं आधी कापा, ताटातलं सगळ्यात शेवटी.

ताटाबाहेरचं म्हणजे काय, ते मोजून बघा. महिनाभर घरात पाकिटातून जे जे येईल त्याची रिकामी पाकिटं एका पिशवीत टाकत जा. बिस्किटं, कुरकुरीत नळ्या, वेफर्स, नूडल्स, थंड पेयाच्या बाटल्या, सगळं. महिनाअखेरीला पिशवी ओतून किमतींची बेरीज करा. दोन मुलांना रोज दहा-दहा रुपयांचं एकेक पाकीट म्हटलं तरी सहाशे रुपये झाले. अंडं साडेसात रुपयांना धरलं तर त्यात ऐंशी अंडी येतात. दोन्ही मुलांना रोज एक देऊन वीस उरतात, ती तुमची. अंडी खात नसाल तर त्याच पैशांत फुटाणे, शेंगदाणे आणि गूळ घ्या. मधल्या वेळच्या भुकेला फुटाण्यांइतकं स्वस्त आणि भरीव दुसरं काही मला माहीत नाही.

दुधात घालायच्या चॉकलेटी पुडीचा डबाही याच पिशवीतला समजा. आई-वडील पोटाला चिमटा काढून तो आणतात, म्हणून जास्त वाईट वाटतं. डब्यामागचा बारीक मजकूर वाचलात तर साखरेचं नाव पहिल्या दोन-तीनांतच सापडेल. एप्रिल २०२४ मध्ये केंद्र सरकारने ऑनलाइन विक्रेत्यांना अशी पेयं ‘हेल्थ ड्रिंक’ या सदरातून काढायला सांगितलं, ते उगाच नाही. दूध साधंच द्या. नुसतं प्यायला मूल नाक मुरडत असेल तर त्याचं दही लावा.

आता ताटाकडे येऊ. बाजारात आपण किलोचा भाव विचारतो. त्याऐवजी त्या पैशांत प्रथिनं किती मिळतात ते विचारायला शिका, म्हणजे महाग-स्वस्ताची सगळी उतरंड बदलते. शंभर ग्रॅम तूरडाळीत साधारण बावीस ग्रॅम प्रथिनं असतात. हुलग्यांतही जवळपास तेवढीच, शेंगदाण्यात थोडी जास्त आणि सोयाबीनच्या वड्यांत पन्नासच्या आसपास. तूरडाळीचा भाव चढला की आख्खं घर हवालदिल होतं, जणू दुसरी डाळ जगात नाहीच. निम्मी तूर आणि निम्मी मसूर किंवा मूग घालून वरण करा. फोडणी नेहमीची असली तर मुलांच्या लक्षातही येत नाही. आठवड्यातून दोनदा हुलग्यांचं पिठलं किंवा शेंगोळे, एकदा मोडाची मटकी, एकदा पावट्याची उसळ. हे काही मी पुस्तकातून आणलेलं नाही, तुमच्या सासूबाई लहानपणी हेच जेवल्या असतील. मध्यंतरी पाहुण्यांपुढे हुलगे वाढायची लाज वाटू लागली आणि तूर-पनीर घरात आलं.

कडधान्य रात्री भिजत घालायला विसरू नका. भिजवलेलं कुकरला लवकर शिजतं, गॅस वाचतो. मोड आणले की त्यातलं लोह अंगी लागायला मदत होते. वर लिंबू पिळलंत तर आणखी चांगलं. आणि जेवण झाल्या झाल्या चहा नको. चहातल्या घटकांमुळे जेवणातलं लोह आतड्यातून नीट शोषलं जात नाही. तासाभराचं अंतर ठेवा. रक्त वाढवण्याचा इतका स्वस्त उपाय औषधाच्या दुकानात मिळणार नाही, कारण यात विकत घ्यायचं काहीच नाही.

मुळशीत राहून तांदळाबद्दल बोललं नाही तर पाप लागेल. इथल्या आंबेमोहराला भौगोलिक मानांकन आहे. त्याच आंबेमोहराच्या आणि आयआर-८च्या संकरातून वडगाव मावळच्या संशोधन केंद्रात तयार झालेला इंद्रायणी आज पुण्याच्या दुकानांत चांगल्या भावाने जातो. गावाकडे तुमची किंवा दिराची खाचरं असतील आणि घरचा इंद्रायणी येत असेल, तर डॉक्टर म्हणून मी बिनदिक्कत सांगतो : सणासुदीपुरता ठेवा, बाकीचा विका. सुगंधाने प्रथिनं वाढत नाहीत. रोजच्या भाताला रेशनचा तांदूळ चालतो.

रेशनचा तांदूळ म्हटला की लगेच ‘त्यात प्लॅस्टिकचे दाणे आहेत’ असं ऐकू येतं. काही बाया ते दाणे निवडून कोंबड्यांना टाकतात. ते प्लॅस्टिक नाही. तांदळाच्याच पिठात लोह, फॉलिक अ‍ॅसिड आणि बी-१२ मिसळून ते दाणे घडवलेले असतात आणि साधारण शंभर दाण्यांत एक या प्रमाणात तांदळात मिसळतात. रंगाला जरा वेगळे दिसतात, धुताना एखादा वर तरंगतो. त्यांना निवडू नका, तांदूळ चार-चार पाण्यांनी चोळून धुऊ नका. भात वेळून पेज ओतून देण्याची सवय असेल तर ती पेज पिऊन टाका. घरात कुणाला थॅलेसेमिया किंवा सिकलसेल असेल तर मात्र हा तांदूळ देण्याआधी डॉक्टरांना विचारा.

नाचणीचं याच्या उलट. डोंगरउतारावरची नाचणी कुणी देत असेल तर ती विकू नका, विकत घ्या. शंभर ग्रॅम नाचणीत ३५० मिलिग्रॅमहून जास्त कॅल्शियम असतं, तांदळात जेमतेम दहा. गाईच्या दुधात तेवढ्याच वजनाला १२०च्या आसपास. नाचणीतलं सगळंच अंगी लागत नाही हे खरं, तरी दुधाचा रतीब अर्ध्या लिटरने कमी करायची वेळ आलीच तर रोज एक नाचणीची भाकरी ताटात असू द्या. सासूबाईंची हाडं नुसत्या भाकरीने दुखायची थांबणार नाहीत. सकाळी थोडं उन्हात बसणं आणि एकदा तपासणी हवीच. पण साठीनंतरच्या हाडांना कॅल्शियम लागतं आणि नाचणी ते परवडेल अशा भावात देते.

तेलाचा हिशोब करायला एक सोपी युक्ती आहे. तेलाची पिशवी फोडाल त्या दिवशी कॅलेंडरवर खूण करा. माणशी महिन्याला पाऊण लिटरच्या पुढे तेल जात असेल तर ते पैसेही जातायत आणि रक्तवाहिन्याही. सहा माणसांत, त्यातली दोन मुलं, साडेतीन लिटरांत घर चालायला हरकत नाही. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेने २०२४ मध्ये जी आहारसूत्रं दिली त्यात दिवसाला तेल-तूप २७ ग्रॅमच्या आसपास धरलं आहे. आणि रविवारी भजी तळून उरलेलं तेल आठवडाभर फोडणीला वापरणं ही बचत नव्हे. काळपट झालेलं तेल टाकायचंच. त्यापेक्षा कढई लहान घ्या.

आता पावसाची बेगमी. ही बचत मुळशीत फार जपून करायची. मे महिन्यात डाळी-कडधान्यं एकदम भरली तर पैसे वाचतात यात शंका नाही, पण जून ते सप्टेंबर इथली हवा कपडे वाळू देत नाही तिथे धान्याचं काय! कडधान्यं कडकडीत ऊन देऊन, गार झाल्यावर, घट्ट झाकणाच्या पत्र्याच्या डब्यात भरा आणि डबा जमिनीला टेकवू नका, खाली फळी घाला. शेंगदाणे मात्र पावसाळ्यात महिन्यापेक्षा जास्त भरू नका. शेंगदाण्यावर आणि मक्यावर ओलीमुळे येणाऱ्या बुरशीतून अफ्लाटॉक्सिन नावाचं विष तयार होतं, आणि ते यकृताला मारतं. भाजून, तळून ते जात नाही. दाणा काळा-हिरवा दिसला, सुरकुतला किंवा खाताना कडू लागला तर तो थुंकून टाका. डब्यात तसे बरेच निघाले तर डबा रिकामा करा. कूट करून आमटीत घालून ‘वाया नको जायला’ म्हणणाऱ्या बायका मी पाहिल्या आहेत. वाचलेल्या चाळीस रुपयांसाठी यकृत पणाला लावायचं कारण नाही.

याच दिवसांत पालेभाजीची जुडी हाताला चटका देते, आणि याच दिवसांत बांधावर टाकळा, कुर्डू, भारंगी, फोडशी फुकट उगवलेली असते. पिरंगुटला बंगल्यांनी आणि गोदामांनी बांध फार ठेवले नाहीत, पण माले-मुठा-कोळवणकडच्या बाया बाजाराला भाज्या घेऊन येतात, त्यांच्याकडून घ्या. स्वतः तोडायला जाणार असाल तर ओळखणारं माणूस सोबत हवं. फोनवर फोटो बघून रानभाजी तोडू नये. अंगणात जागा असली तर शेवग्याची एक फांदी लावा, पण पाणी साचणार नाही अशा उंचवट्यावर, नाहीतर इथल्या पावसात मूळ कुजतं. शेंगांची वाट बघू नका, कोवळा पाला मूठभर आमटीत किंवा थालीपिठात घाला.

मासळी खात असाल तर कोकणातून येणारी सुकट घ्यायला हरकत नाही. प्रथिनांच्या हिशोबाने ती मटणापेक्षा कितीतरी स्वस्त पडते. रक्तदाब असणाऱ्याने मात्र ती दोन-तीन पाण्यांतून काढून मगच खावी आणि त्या दिवशी कालवणात मीठ घालू नये.

फुकट मिळणाऱ्या दोन गोष्टी लोक लाजेपायी सोडतात. अंगणवाडीत तुमच्या मुलीला गरम आहार मिळतो. मुलगा सातवीत आहे, शाळा सरकारी किंवा अनुदानित असेल तर आठवीपर्यंत शाळेतलं जेवण त्याच्या हक्काचं आहे. ‘आमची मुलं ते खात नाहीत’ असं अभिमानाने सांगणाऱ्या आईच्या पोराच्या दप्तरात हमखास चिप्सचं पाकीट असतं. जंताची गोळीही शाळेत आणि अंगणवाडीत मिळते, ती चुकवू नका. पोटात जंत असले तर तुम्ही पदर खोचून केलेल्या जेवणातला वाटा तेच खातात.

तुमच्या स्वतःच्या ताटाबद्दल तुम्ही काहीच लिहिलं नाहीत. सहा माणसांत तुमचं नावच नव्हतं. आमटी करताना सहा वाट्या मोजून, घट्ट, एकाच वेळी वाढून ठेवा, तुमची वाटी धरून. धाप लागते, जिना चढताना पाय जड होतात, पाळीत जास्त जातं, यातलं काही असेल तर पौडच्या ग्रामीण रुग्णालयात हिमोग्लोबिन तपासून घ्या. लोहाच्या गोळ्या सरकारी दवाखान्यात मिळतात. रक्त फार उतरलं असेल तर नुसत्या पालेभाजीवर ते चढत नाही.

राहिले सासरे. त्यांच्यासाठी वेगळं पीठ, शुगर-फ्री बिस्किटं, साखरेवरचा काढा, असलं काही आणू नका. घरातलीच भाकरी, घरातलीच घट्ट आमटी, भात मुठीएवढा. नाचणी आहे म्हणून मनसोक्त खाऊ देऊ नका. नाचणीची पातळ आंबील साखर बऱ्यापैकी वाढवते, भाकरी त्यापेक्षा बरी. पण एक सांभाळा. ते गोळ्यांवर किंवा इन्सुलिनवर असतील आणि तुम्ही बिस्किटं बंद करून भात निम्म्यावर आणलात, तर साखर एकदम उतरू शकते. दरदरून घाम, हात थरथरणं, बोलणं बरळल्यासारखं असं काही दिसलं आणि ते शुद्धीवर असतील तर लगेच तीन चमचे साखर पाण्यात विरघळवून पाजा, आणि दवाखान्यात न्या. जेवणात बदल सुरू करण्याआधीच त्यांच्या डॉक्टरांना सांगा, म्हणजे डोस बघून देतील. मूत्रपिंडाचा त्रास असेल तर डाळ, सोयाबीन, सुकट वाढवण्यापूर्वीही विचारा. महिन्याभराने उपाशीपोटीची आणि जेवणानंतर दोन तासांची साखर तपासा, आणि तो कागद पुढच्या वेळी फाइलला लावून न्या.