दगडफुलाची परीक्षा

मसाल्यांत पडणारें दगडफूल आपणां सर्वांस ठाऊक आहे. तें फूल नव्हे. बुरशी आणि शैवाल यांनीं मिळून थाटलेला तो संसार होय. याच वर्गांतील स्यूडेव्हर्निया फर्फ्युरेशिया ही जाति युरोपांत झाडांच्या सालीवर वाढते. तिचे दोन नमुने शेजारीं ठेविले, तर डोळ्यांस भेद दिसत नाहीं. परंतु वरचा थर खरवडून आंतील पांढऱ्या भागावर ब्लीचिंग पावडरीच्या पाण्याचा थेंब सोडिला, म्हणजे एक नमुना तांबडा होतो, दुसरा तसाच राहतो. पहिल्यांत ऑलिव्हेटोरिक आम्ल असतें, दुसऱ्यांत फायसोडिक. ही कसोटी फिनलंडचे विल्यम नायलंडर यांनीं १८६६ सालीं प्रचारांत आणिली.

मग या जाती दोन कीं एक? कांहीं शास्त्रज्ञांनीं दोन मानिल्या. परंतु दोन्ही प्रकार कित्येकदां एकाच रानांत आढळतात व रूपानेंही सारखेच असतात, म्हणून पुष्कळ जण त्यांस एकाच जातीचे दोन भेद समजतात. थेंबानें आम्ल कळतें. जाति ठरविण्यास रूप, वसतिस्थान आणि वंश हींही पाहावीं लागतात. विद्यार्थिमित्रहो, केवळ रूप पाहून दोघांस एक म्हणूं नये, आणि एका थेंबावरून त्यांस परकेंही ठरवूं नये, हाच बोध आम्ही यांतून घेतों.