नमुना कुठला, ते आधी विचार

नंदिनी नगर, भिलाई

चि. सोनूस,


तुझी मेल वाचली. तुझ्या आईचा फोन तर तिच्याही आधी येऊन गेला. कॉम्प्युटर इंजिनिअर झालेली मुलगी बंगळुरूची लागलेली नोकरी सोडून पीएच.डी. करणार, आणि तीही उत्क्रांतीवर, हे काही अक्काच्या पचनी पडत नाहीये. मला मात्र तुझा बेत आवडला. आवडला म्हणूनच चार गोष्टी लिहितो. मी काही जीवशास्त्रज्ञ नव्हे, चुनखडीच्या खाणीत उभा जन्म काढलेला भूगर्भशास्त्राचा माणूस. मामाचं बोलणं जिथे अस्थानी वाटेल तिथे पान उलटून पुढे जा.

पैशाचं आधी उरकतो. नेट काढलीस तर जेआरएफचे महिन्याला ३७,००० आणि दोन वर्षांनी ४२,०००, हा २०२३ पासूनचा दर, वर घरभाडं. दर महिन्याला वेळेवर येईलच असं धरून चालू नकोस, तीन-चार महिन्यांची बेगमी गाठीला ठेव. पीएच.डी.ला पाच-सहा वर्षं, मग पोस्टडॉक एक किंवा दोन, म्हणजे कायमची नोकरी पस्तिशीच्या आसपास, आणि तीही मिळाली तर. तुझ्याबरोबरची मुलं तोवर दुसरा फ्लॅट घेतील. याचा त्रास होणार असेल तर आत्ताच थांब, त्यात कमीपणा नाही.

आता मुद्द्याचं. तू लिहितेस की तुझं कोडिंग पक्कं आहे, जीवशास्त्र 'जाता जाता' शिकून घेशील. इथेच माझं मन अडलं. कोडिंगची किंमत मी कमी करत नाही. या विषयात ज्यांनी नाव काढलं त्यातले किती तरी तिकडूनच आले. सुधीर कुमार यांचंच बघ. पिलानीच्या बिट्समध्ये जीवशास्त्र आणि इलेक्ट्रॉनिक्स अशा दोन्ही पदव्या घेतल्या, मग अमेरिकेत पेन स्टेटला मासातोशी नेई यांच्या हाताखाली गेले. तामुरा आणि नेई यांच्याबरोबर त्यांनी १९९३ साली 'मेगा' नावाचं सॉफ्टवेअर काढलं. डीएनएच्या ओळी द्यायच्या, कोण कुणाच्या किती जवळचं याचा वंशवृक्ष घ्यायचा. आज ते फुकट मिळतं आणि जगभरचे विद्यार्थी वापरतात. पण ते फुकट मिळतं, यातच तुझ्यासाठी गोम आहे. वृक्ष काढणं ही आता कुणाचीच मिरास राहिली नाही. तुझ्या शेजारच्या खुर्चीवरचा मुलगाही संध्याकाळपर्यंत तो काढून देईल. मग तुझं असं काय उरलं? तुझा प्रश्न, आणि तुझ्या ओळी कुणाच्या अंगातून आल्या याची तुला असलेली जाण.

खाणीत ही गोष्ट पहिल्या आठवड्यातच अंगवळणी पडते. डंपरभर दगडातून प्रयोगशाळेत जातं ते चमचाभर पीठ. दगड फोडायचा, त्याची रास करायची, राशीचे चार भाग पाडायचे, समोरासमोरचे दोन ठेवायचे, उरलेले टाकायचे, पुन्हा बारीक करायचं, पुन्हा चार भाग. चुनखडीत सिलिका वाढली की भिलाईच्या झोतभट्टीत मळी वाढते, कोक जास्त जळतो, म्हणून आकडा दशांशापर्यंत लागतो. पण नमुना उचलणारा उन्हाला कंटाळून बेंचच्या, म्हणजे खाणीतल्या पायरीच्या, एकाच टोकाचा माल उचलून आला असेल, तर पुढचं यंत्र कितीही भारी असो, आलेला आकडा त्या टोकाचा असतो, खाणीचा नसतो. आणि कागदावर हे कुठेच दिसत नाही. कागद नेहमीसारखाच स्वच्छ असतो.

जनुकांच्या जगात हे टोक बहुतेक वेळा युरोपीय वंशाच्या माणसांचं असतं. आजवर तपासलेल्या जनुकसंचांत त्यांचाच भरणा मोठा. आपल्याकडच्या 'जिनोम इंडिया' प्रकल्पाने ८३ समाजगटांतल्या सुमारे दहा हजार लोकांचे संपूर्ण जनुकसंच वाचले आणि जानेवारी २०२५ मध्ये ती माहिती फरीदाबादच्या केंद्रातून संशोधकांना खुली केली. तुला ती मागता येईल. पण आमच्या अहिवाऱ्याच्या बाजारात आठवड्याला जितक्या जातींची माणसं भेटतात ते पाहिलं, की देशाला ८३ हा आकडा किती तोकडा ते कळतं.

सिकलसेलचंच घे. विदर्भ आणि छत्तीसगड या दोन्हीकडे नात्यागोत्यात कुठे ना कुठे हा आजार ऐकू येतोच. हिमोग्लोबिनच्या जनुकात एक अक्षर बदलतं, प्रथिनाच्या साखळीत सहाव्या जागी ग्लुटामिक आम्लाऐवजी व्हॅलिन बसतं, आणि तांबडी पेशी कोयत्यासारखी वाकते. असं जनुक टिकलं कसं? अॅलिसन या संशोधकांनी १९५४ साली पूर्व आफ्रिकेतून दाखवून दिलं की ज्याच्याकडे त्याची एकच प्रत असते त्याला मलेरियापासून थोडं संरक्षण मिळतं. हे तू बारावीत वाचलं असशील. पुस्तकात पुढे हेही लिहिलेलं असतं की भारतातला सिकलसेल आफ्रिकेतल्यापेक्षा सौम्य, कारण इथल्या रुग्णांत गर्भावस्थेतलं हिमोग्लोबिन जास्त प्रमाणात टिकून राहतं. सरासरीने ते खरंही आहे. पण नागपूरच्या डॉक्टरांनी लहान वयातच हाल सोसणारी कितीतरी मुलं नोंदवली आहेत. जनुक तेच, आसपासचे जनुकीय ठसेही बहुतेक तेच, मग एका घरात सौम्य आणि दुसऱ्या घरात भीषण का? उत्क्रांती, जनुकशास्त्र आणि तुझं कॉम्प्युटर, तिन्ही लागतील असा हा प्रश्न, आणि तो तुझ्या आजोळाच्या रेल्वेलाइनवर पडलेला आहे. भंडारा, गोंदिया, राजनांदगाव, दुर्ग. त्यासाठी बोस्टनला जायला नको. (बोस्टनला जायचंच असेल तर जा, पण हा प्रश्न घेऊन जा.)

एक मात्र ध्यानात ठेव. २०२३ साली सरकारची सिकलसेलची राष्ट्रीय मोहीम सुरू झाली, चाळिशीपर्यंतच्या लोकांची तपासणी करून हातात कार्ड देतात. गावात 'वाहक' आणि 'आजारी' यांत लोक फरक करत नाहीत. मुलीच्या कार्डावर काय आहे हे सोयरिकीच्या बोलण्यात निघू शकतं. तुझ्या एक्सेलच्या रांगेत ती एक ओळ असेल. ती ओळ कुणाकुणाला दिसणार, हे तुला पहिल्याच दिवशी ठरवावं लागेल, सगळं झाल्यावर नव्हे.

आता ज्यांचं नाव मी तुझ्या आईलाही फोनवर सांगितलं ते कोसंबी. दामोदर धर्मानंद कोसंबी तुला इतिहासकार म्हणून ठाऊक असतील. जन्म १९०७, गोव्यातला. पेशाने गणिती, हार्वर्डचे पदवीधर, १९३३ पासून पुण्याला फर्ग्युसनमध्ये शिकवत. तिथे असतानाच, १९४३-४४ च्या सुमारास, त्यांनी जनुकशास्त्रावर एक चार पानी लेख लिहिला. तो नीट समजून घे, कारण तुझ्या सगळ्या विषयाचं मर्म त्यात आहे असं मला वाटतं.

एकाच गुणसूत्रावर दोन जनुकं आहेत. पुढच्या पिढीत शंभरातल्या पंचवीस जणांत त्यांची ताटातूट झालेली दिसते. मग त्यांच्यात अंतर पंचवीसच का? नाही, कारण मध्ये दोनदा तुटून पुन्हा जुळलं तर ताटातूट दिसतच नाही, म्हणजे खरं अंतर जास्त असणार. किती जास्त? जनुकशास्त्रज्ञ हॉल्डेन यांनी १९१९ मध्ये धरलं की प्रत्येक तूट स्वतंत्र, एकीचा दुसरीशी संबंध नाही. त्यांच्या सूत्राने उत्तर येतं ३४.७ सेंटिमॉर्गन (जनुकांमधलं अंतर मोजायचं एकक). गणित निर्दोष आहे. पण फळमाश्यांवर काम करणाऱ्यांनी तोवर पाहून ठेवलं होतं की गुणसूत्र एका जागी तुटलं की त्याच्या अगदी जवळ दुसरी तूट सहसा होत नाही, लांब गेलं की हा अडथळा ओसरतो. कोसंबींनी ही गुणसूत्राची सवय सूत्रातच बसवली. त्यांचं उत्तर २७.५. या दोन आकड्यांमधलं सातचं अंतर ही जीव ओळखल्याची किंमत. आजही भाताच्या जनुकांचा नकाशा काढणाऱ्या मुलाला सॉफ्टवेअर विचारतं, 'हॉल्डेन' की 'कोसंबी'. रायपूरला भातशास्त्रज्ञ रिछारियांनी सत्तरच्या दशकात जमवलेल्या भाताच्या हजारो वाणांचा संग्रह आहे. त्यांवर काम करणाऱ्यांनाही हा प्रश्न पडतच असेल.

कोसंबींच्या नोकऱ्यांकडे मात्र बघू नकोस, नाहीतर अक्काला कळेल. फर्ग्युसन सुटलं. मग टाटा संशोधन संस्थेत होमी भाभांनी बोलावलं, पुण्याहून डेक्कन क्वीनने रोज मुंबई. १९६२ ला तिथलाही करार पुढे चालू ठेवला नाही. चार वर्षांत ते गेले. उतारवयात रीमानच्या सुप्रसिद्ध प्रश्नाची सिद्धता आपल्याला सापडली असं त्यांनी छापलं, ती टिकली नाही, आणि गणितातल्या लोकांत नाव खाली गेलं. मोठ्या माणसालाही आपल्या आकड्याचं प्रेम आंधळं करतं. हे मी त्यांना नावं ठेवायला लिहीत नाही. माझ्या टेबलावर त्यांचं पुस्तक कायम असतं.

आणि इरावतीबाई. 'युगान्त' तुझ्या आईच्या कपाटात आहे, पण मानववंशशास्त्रज्ञ इरावती कर्वे फार थोड्यांना माहीत. १९२८ साली त्या बर्लिनला ऑयगेन फिशर यांच्या हाताखाली पीएच.डी.ला गेल्या. गोऱ्यांच्या कवटीची एक बाजू जरा मोठी, त्यातून त्यांची बुद्धी श्रेष्ठ, असं त्या गुरुजींना वाटत होतं. बाईंनी कवट्या मोजल्या. वंशाचा आणि त्या असमानतेचा संबंध आढळला नाही, आणि त्यांनी तसंच लिहिलं. परका देश, गुरूचाच सिद्धांत, आणि हा गुरू पुढे नाझींच्या वंशधोरणाला खांदा देणारा. पुढे डेक्कन कॉलेजात आल्यावर १९६८ मध्ये त्यांनी कैलाश मल्होत्रांबरोबर महाराष्ट्रातल्या आठ ब्राह्मण पोटजातींची शरीरमापं आणि रक्तगट ताडून पाहिले, एकाच वर्णाच्या म्हणून त्या एकाच मुळातून फुटल्या असं धरून चालता येत नाही हे दाखवायला. त्यांच्याकडे कॉम्प्युटर नव्हता. मापपट्टी होती, आणि कुणाचं माप घेतोय हे त्यांना पक्कं ठाऊक होतं. तुला गाइडच्या मताविरुद्ध उत्तर निघालं तर काय करायचं, हे मला विचारू नकोस. त्यांचं चरित्र वाच.

कधी कंटाळा आला तर इकडे ये. आमच्या भागातल्या चुनखडकात कापलेल्या कोबीसारखे थरावर थर दिसतात, ते स्ट्रोमॅटोलाइट. शंभर कोटी वर्षांच्या आसपास इथे उथळ समुद्र होता, त्यात सूक्ष्मजीवांच्या चटया वाढल्या, गाळ धरत गेल्या, त्यांचे ते ठसे. त्यांचा डीएनए कधीच संपला, तुझं 'मेगा' तिथे काही कामाचं नाही. दुपारभर बेंचवर फिरलीस तर वंशवृक्षाच्या फांदीवर '१०० कोटी' असा आकडा टाइप करताना हात जरा सावध होईल, एवढंच. आणि हेल्मेट घालावं लागतं, आधीच सांगतो.

राहिलं गाइडचं. तू दोन जागांची नावं लिहिलीस, दोन्हीकडचे पेपर मोजून तुलनाही केलीस. ती बाजूला ठेव. दोघांच्याही जुन्या विद्यार्थ्यांना फोन कर, शक्यतो जे मध्येच सोडून गेले त्यांना. विचार, नमुने गोळा करायला कधी स्वतः नेलं का, की सगळं डाउनलोड करूनच? कुणाचं उत्तर चुकीचं निघालं तेव्हा गाइड काय म्हणाले? पेपरवर पहिलं नाव कुणाचं आलं? पीएच.डी.ला सरासरी किती वर्षं लागली? हे चार प्रश्न झाले की माझा सल्ला तुला लागायचा नाही. मुली बोलायला जरा जास्त मोकळ्या असतील तर आणखी एक विचार, रात्री उशिरा लॅबमधून हॉस्टेलला कसं यायचं.

उत्तरं आली की मला कळव, फॉर्मची मुदत संपण्याआधी. अक्काशी मी पुन्हा बोलतो.

तुझा,
मामा