प्रसूतिगृहातील औषधे : वेळेआधीची सुई आणि वेळेवरची सुई

प्रसूती आणि नवजात बाळाची काळजी यांसाठी लागणारी नेहमीची औषधे मोजकीच आहेत. त्यांची नावे प्रसूतिगृहातल्या प्रत्येक सिस्टरला तोंडपाठ असतात आणि २०११ मध्ये जननी शिशु सुरक्षा कार्यक्रम सुरू झाल्यापासून सरकारी दवाखान्यात ती विनामूल्य मिळणे हा बाळंतिणीचा हक्क झाला आहे. तरीही खानदेशात, जळगाव जिल्ह्यातील पाचोऱ्यासारख्या तालुक्याच्या गावी, जिथे आसपासच्या खेड्यांतील बाया कधी उपकेंद्रातून, कधी खासगी दवाखान्यातून, तर कधी थेट घरून कळा देत येतात, तिथल्या प्रसूतिगृहाचा अनुभव असा आहे की औषध न मिळाल्याने होणारी हानी सर्वांना दिसते, परंतु वेळेआधी दिलेल्या, उन्हाने निकामी झालेल्या किंवा सारख्या दिसणाऱ्या कुपीतून चुकून भरलेल्या औषधाने झालेली हानी ‘नशीब’ या सदरात जमा होते. या अनुभवातून जे शिकता येते ते औषधागणिक मांडणे हा या लेखाचा हेतू आहे.

सर्वांत आधी विचार करावा लागतो तो ऑक्सिटोसिनचा. हे मेंदूच्या तळाशी असलेल्या पीयूष ग्रंथीतून स्रवणारे संप्रेरक असून गर्भाशयाचे स्नायू आकुंचित करणे हे त्याचे मुख्य काम आहे. विन्सेंट द्यू विन्यो या अमेरिकी रसायनशास्त्रज्ञाने ते प्रयोगशाळेत तयार केले आणि त्या कामासाठी त्यांना १९५५ चे नोबेल पारितोषिक मिळाले. बाळ जन्मल्यावर एका मिनिटाच्या आत, पोटात दुसरे बाळ नाही याची खात्री करून, १० युनिट ऑक्सिटोसिन मांडीत टोचले की गर्भाशय आवळते, वार सुटून येते आणि बाळंतिणीच्या अंगावरून जाणारे रक्त आटोक्यात राहते. बाळंतपणानंतरच्या अतिरक्तस्रावाने होणारे मृत्यू टाळणारे याहून सोपे साधन प्रसूतिगृहात दुसरे नाही.

हीच सुई बाळ पोटात असताना स्नायूत टोचली तर मात्र चित्र उलटते. दोन कळांच्या मधल्या विश्रांतीत वारेतून बाळाला रक्तपुरवठा होत असतो. कळा एकमेकींना चिकटून येऊ लागल्या की ही विश्रांती नाहीशी होते, बाळ गुदमरते आणि आधी सिझेरियन झालेल्या किंवा बरीच बाळंतपणे झालेल्या स्त्रीचे गर्भाशय फाटू शकते. म्हणूनच कळा वाढवण्यासाठी ऑक्सिटोसिन द्यायचेच असेल तर ते सिझेरियनची सोय असलेल्या ठिकाणी, सलाईनमध्ये मिसळून, थेंब मोजत आणि बाळाचे ठोके ऐकत दिले जाते. शिरेतून गेलेल्या या औषधाचा अंमल काही मिनिटांत ओसरू लागत असल्याने दहा मिनिटांत पाचांहून अधिक कळा आल्या तर सलाईन बंद करून वेळ सावरता येते. स्नायूत टोचलेली सुई मात्र परत घेता येत नाही.

खेड्यातून येणाऱ्या बाईच्या बाबतीत ही गोष्ट बहुधा झाकलेली असते. कमरेवर सुईची ताजी खूण दिसते, पोट दगडासारखे कडक लागते आणि सोबत आलेली सासू ‘काही नाही, नुसती ताकदीची सुई दिली’ असे सांगते, कारण गावातल्या ज्या माणसाने ती दिली त्याचे नाव घेणे तिला अवघड वाटते. अशा वेळी दरडावून विचारले तर उत्तर मिळत नाही. ‘मावशी, कोणी दिली ते नका सांगू, किती वाजता दिली आणि किती दिल्या एवढंच सांगा’ असे विचारणाऱ्या सिस्टरला ते मिळते, आणि त्या एका उत्तरावर पुढचा निर्णय अवलंबून असतो. घरच्यांनीही हे लक्षात ठेवावे की ‘लवकर मोकळी होण्यासाठी’ घरी किंवा उपकेंद्रात सुई मागणे म्हणजे धोका विकत घेणे होय.

दुभत्या जनावरांना पान्हा सोडण्यासाठी ऑक्सिटोसिनचा गैरवापर होतो या कारणाने केंद्र सरकारने एप्रिल २०१८ मध्ये खासगी कंपन्यांना देशातील वापरासाठी ते बनवण्यास मनाई करणारी अधिसूचना काढली होती. त्यामुळे बाळंतिणींसाठीच त्याचा तुटवडा पडेल असा आक्षेप घेतला गेला आणि डिसेंबर २०१८ मध्ये दिल्ली उच्च न्यायालयाने ती अधिसूचना रद्द केली. गोठ्यात सहज हाती येणारी बाटली आणि प्रसूतिगृहातली कुपी यांत औषध एकच असले तरी गोठ्यातल्या बाटलीची शुद्धता व तीव्रता यांची हमी कोणी देत नाही. ती माणसाला कधीही वापरू नये.

खानदेशाच्या दृष्टीने दुसरा प्रश्न उष्णतेचा आहे. ऑक्सिटोसिन २ ते ८ अंश सेल्सिअस तापमानात ठेवावे लागते, तर जळगाव जिल्ह्यात मे महिन्यात पारा ४५ अंशांपर्यंत चढतो. उन्हाने शक्ती गेलेले औषधही पूर्वीइतकेच स्वच्छ, पाण्यासारखे दिसते. त्यामुळे ते निकामी झाल्याचे कळते ते रक्त थांबत नाही तेव्हाच. कुप्या फ्रीजच्या दारात न ठेवता आतल्या कप्प्यात ठेवाव्यात, त्या बर्फाला टेकून गोठू देऊ नयेत, वीज गेल्यास बर्फाच्या डब्याची सोय हाताशी असावी आणि ट्रेमध्ये दिवसभर बाहेर राहिलेल्या कुप्या गुपचूप परत फ्रीजमध्ये सरकवण्याची सवय मोडावी. जिथे ऑक्सिटोसिन उपलब्ध नाही किंवा थंड ठेवता येत नाही, तिथे मिसोप्रोस्टॉलच्या २०० मायक्रोग्रॅमच्या ३ गोळ्या बाळ जन्मल्यावर तोंडाने देता येतात. त्यांना फ्रीज लागत नाही, मात्र दमटपणा सोसत नसल्याने त्या वापरण्याच्या क्षणापर्यंत पाकिटातच राहिल्या पाहिजेत. गोळ्या घेतल्यानंतर हुडहुडी भरते व अंग तापते, हे आधीच सांगून ठेवले तर घरचे घाबरत नाहीत. याही गोळ्या बाळ बाहेर येण्यापूर्वी या मात्रेत देणे तितकेच घातक असते.

गर्भाशय आवळणारे आणखी एक औषध म्हणजे मिथाइलअर्गोमेट्रिन. ते रक्तवाहिन्याही आवळत असल्याने रक्तदाब वाढलेल्या किंवा हृदयविकार असलेल्या स्त्रीला देत नाहीत. म्हणून ते भरण्यापूर्वी रक्तदाबाचा आकडा कागदावर असणे आवश्यक ठरते. त्याचा दुसरा धोका बाळाला आहे. प्रत्येक नवजात बाळाला जन्मानंतर के जीवनसत्त्वाची सुई देतात आणि त्याची लहानशी कुपी मिथाइलअर्गोमेट्रिनच्या कुपीशेजारी पडलेली असली तर घाईत एकीच्या जागी दुसरी फुटते. असे घडून बाळाचा श्वास मंदावल्याच्या आणि त्याला झटके आल्याच्या नोंदी वैद्यकीय वाङ्मयात आहेत. काचेवर बारीक अक्षरात छापलेले नाव रात्रीच्या पिवळ्या दिव्यात, ओल्या हातमोज्यातून वाचले जात नाही. हात फक्त आकार ओळखतो.

यावरचा उपाय सरकारी मार्गदर्शिकेतच आहे. २०१३ च्या माता-नवजात आरोग्य संचात प्रसूतिगृहासाठी वेगवेगळे ट्रे नेमून दिले असून के जीवनसत्त्वाची कुपी बाळाच्या ट्रेमध्ये, तर आईची औषधे औषधांच्या ट्रेमध्ये ठेवायची असतात. ही मांडणी केवळ तपासणीच्या दिवसापुरती न पाळता प्रत्येक पाळीत पाळली, कुपी फोडण्यापूर्वी नाव मोठ्याने वाचले, आणि नाव न लिहिलेली भरलेली सिरिंज कोणी भरली हे न विचारता फेकून दिली, तर ही चूक घडायला जागाच उरत नाही.

गरोदरपणात रक्तदाब वाढून झटके येऊ लागले की मॅग्नेशियम सल्फेट हे औषध लागते. १९९५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या आंतरराष्ट्रीय अभ्यासाने ते झटके पुन्हा येऊ न देण्यात डायझेपाम व फेनिटॉइन या दोहोंपेक्षा सरस असल्याचे दाखवले. पाचोऱ्याहून जळगाव सुमारे ५० किलोमीटर असल्याने पहिली मात्रा रुग्णवाहिका निघण्यापूर्वीच पडली पाहिजे. उपकेंद्राच्या पातळीवर ती १० ग्रॅमची असते : ५० टक्के तीव्रतेच्या, प्रत्येकी २ मिलिलिटर म्हणजे १ ग्रॅमच्या १० कुप्या, त्यांतील ५ एका कुल्ल्यात व ५ दुसऱ्यात, खोलवर टोचून. एवढ्या कुप्या फोडताना मन कचरते आणि निम्म्याच देऊन बाईला पुढे पाठवले जाते. तशी अपुरी मात्रा झटक्यांपासून संरक्षण देत नाही. उलट हेच तीव्र औषध पातळ न करता शिरेत झपाट्याने ढकलले तर श्वास व हृदय थांबू शकते. पुढच्या मात्रेपूर्वी गुडघ्याची प्रतिक्षिप्त क्रिया, श्वासाची गती आणि लघवीचे प्रमाण पाहतात, आणि उतारा म्हणून कॅल्शियम ग्लुकोनेट जवळ ठेवतात.

अकाली कळा सुरू झालेल्या, २४ ते ३४ आठवड्यांच्या गर्भवतीला डेक्सामेथासोन देतात : ६ मिलिग्रॅमची सुई, १२ तासांच्या अंतराने, एकूण ४. त्याने बाळाची फुप्फुसे लवकर पिकतात. गावोगाव अंगदुखीपासून तापापर्यंत कशालाही टोचले जाणारे हे औषध इथे मात्र नेमक्या कारणासाठी असते, त्यामुळे आठवडे मोजल्याशिवाय ते देण्यात अर्थ नाही.

बाळाकडे वळल्यास पहिली गोष्ट ही की न रडणाऱ्या बहुतेक बाळांना औषध नको असते, हवा हवी असते. ऊब, पुसून काढणे आणि पिशवी-मुखवट्याने श्वास देणे सोडून कुपी शोधण्यात पहिले मिनिट घालवू नये. के जीवनसत्त्वाची मात्रा १ किलो किंवा त्याहून अधिक वजनाच्या बाळाला १ मिलिग्रॅम व त्याहून कमी वजनाच्या बाळाला अर्धा मिलिग्रॅम असते, आणि ती मांडीच्या बाहेरच्या अंगाला स्नायूत देतात. आईच्या दुधात हे जीवनसत्त्व फार थोडे असल्याने ही सुई चुकलेल्या बाळाला पुढील काही आठवड्यांत, कधी थेट मेंदूत, रक्तस्राव होऊ शकतो. बाजारात १० मिलिग्रॅमची कुपीही मिळते, म्हणून नावाबरोबर आकडाही वाचावा. हिपॅटायटिस-बीची पहिली लस २४ तासांच्या आत द्यायची असते.

जंतुसंसर्गासाठीचे जेंटामायसिन हे मात्रेच्या चुकीचे ठळक उदाहरण आहे. अडीच किलोच्या बाळाला किलोमागे ५ मिलिग्रॅमप्रमाणे साडेबारा मिलिग्रॅम लागते. नेहमीच्या २ मिलिलिटरच्या कुपीत ८० मिलिग्रॅम असल्याने बाळाचा वाटा जेमतेम ०.३ मिलिलिटर भरतो. मोठ्या सिरिंजमध्ये एवढे अंतर डोळ्यांना कळत नाही आणि जादा औषध मूत्रपिंडाला व कानाला बाधते. म्हणून १ मिलिलिटरचीच सिरिंज वापरावी आणि अंदाजाने धरलेल्या वजनावर विसंबू नये. नीट शिकवले तर हे काम कोण करू शकते, हे गडचिरोलीत अभय व राणी बंग यांच्या ‘सर्च’ संस्थेने दाखवले : ३९ गावांत प्रशिक्षित आरोग्यदूत स्त्रियांनी घरीच बाळे तपासली, गरज पडल्यास जेंटामायसिनही टोचले आणि नवजात मृत्युदर ६२ टक्क्यांनी घटला, असे १९९९ मध्ये लॅन्सेटमध्ये प्रसिद्ध झाले. त्या स्त्रियांच्या हाती वैद्यकीय पदवी नव्हती, त्यांची मोजण्याची शिस्त कामी आली.

घरी गेल्यावर बाळाला मध, गूळपाणी, घुटी किंवा दुकानातून आणलेले पोटदुखीचे पाणी यांपैकी काहीही चाटवू नये. पहिले सहा महिने आईचे दूध पुरते, आणि डॉक्टरांनी लिहिलेले औषध व जीवनसत्त्वाचे थेंब एवढाच त्याला अपवाद आहे.

शेवटी, बाईला पुढे पाठवताना चिठ्ठीवर ‘सुई दिली’ एवढेच लिहिणे उपयोगाचे नाही. कोणते औषध, किती, कोणत्या वाटेने, किती वाजता आणि कोणत्या रक्तदाबावर, या पाच गोष्टी चिठ्ठीवर असल्या तरच पुढच्या रुग्णालयातील डॉक्टर दुसरी मात्रा कधी द्यायची हे ठरवू शकतात. नसल्या तर ते पहिलीच मात्रा पुन्हा देतात किंवा भीतीपोटी काहीच देत नाहीत. सोबतच्या नातलगानेही ही चिठ्ठी खिशात घालण्यापूर्वी वाचून घ्यावी आणि वेळ लिहिलेली नसेल तर सिस्टरकडून ती तिथेच लिहून घ्यावी.