भांगेच्या धाग्याचा धंदा आणि सरकारी तराजू

उल्हासनगरच्या जीन्स बाजारात कोणी 'हेम्प डेनिम'चा ताका उलगडला, तर आपला माणूस पहिला प्रश्न हाच करील: हा गांजाचा कपडा, पोलीस धरणार नाहीत ना? व्यापारी बंधूंनी यातला कायदा एकदा नीट समजून घ्यावा.

1985 च्या अंमली पदार्थ कायद्यात चरस आणि गांजा हे गुन्ह्याचे पदार्थ आहेत. गांजा म्हणजे झाडाचा फुला-फळांचा शेंडा. शेंडा सोबत नसेल तर बी आणि पाने त्या व्याख्येत येत नाहीत. खोडाच्या सालीचा धागाही त्यात बसत नाही. म्हणून कापड विकणे हा गुन्हा नव्हे. पानांचे मात्र वेगळे आहे, तिथे राज्याचा 1949 चा दारूबंदी कायदा आडवा येतो. नशेच्या मालाशी आपल्याला घेणेदेणे नाही, आपण धाग्यापुरतेच बोलू.

खरी अडचण शेतात आहे. कलम 14 प्रमाणे धागा किंवा बी यांसाठी लागवडीची मुभा सरकार देऊ शकते. उत्तराखंडने 2018 मध्ये परवाने देणे सुरू केले. अट अशी की, नशेचे द्रव्य (टीएचसी) 0.3 टक्क्यांपेक्षा जास्त नसावे. ऐकायला सोपी वाटणारी ही अट डोंगरातल्या गरीब शेतकऱ्याला जड जाते, कारण तिथल्या रानटी झाडात हे प्रमाण सहज वाढते आणि खात्रीचे बियाणे मिळणे कठीण. पीक मर्यादेबाहेर गेले तर ते नष्ट करावे लागते. नुकसान कोणाचे? ज्याच्याकडे भांडवल आहे तो दुसऱ्या हंगामाची वाट पाहील, बिघाभर जमीनवाला कुठे जाणार?

परवाना म्हणजे इन्साफ, असे समजू नये. अमेरिकेतील कॅलिफोर्नियात 2016 च्या कायद्याने मोठ्या शेतांचे परवाने 2023 पर्यंत रोखले होते, ते लहान शेतकऱ्याला पाय रोवता यावेत म्हणून. पण 2017 च्या नियमांत एकाच मालकाने किती लहान परवाने घ्यावेत यावर बंधनच घातले नाही. श्रीमंतांनी लहान परवान्यांची चळत लावली. दार बंद, खिडकी उघडी!

उलट उदाहरण आपल्या शेजारचे आहे. राजशाहीकडचे नौगाव (आज बांगलादेशात) ब्रिटिश काळात सरकारमान्य गांजाच्या लागवडीचे केंद्र होते. दलाल भाव पाडत, म्हणून 1917 मध्ये सरकारी देखरेखीखाली शेतकऱ्यांची सहकारी संस्था झाली. माल संस्थेमार्फत विकला जाई आणि नफ्यातून शाळा, दवाखाने, रस्ते झाले. तिथली लागवड 1987 मध्ये बंद झाली. माल कोणता, हा वाद वेगळा. दलालाच्या हातून तराजू काढून घेतला की उत्पादकाचे काय होते, ते तिथे दिसले.

आता आपल्या दुकानापुरते. बाजारात ताग, बोरू (सनहेम्प) आणि भांगेचा धागा यांची सरमिसळ होते. जाळून पाहिले तर तिन्ही कागदासारखे जळतात, त्यावरून ओळख पटत नाही. बिलावरचा क्रमांक वाचा: कच्चा भांगेचा धागा 5302, ताग व बोरू 5303. कापडात कोणता धागा किती टक्के, ते विकणाऱ्याकडून लिहून घ्या. शिलाईवर काम करणाऱ्या कारागिरानेही ताका घेण्याआधी त्या कागदाची नक्कल मागावी. उद्या ग्राहकाने तक्रार केली तर जबाब दुकानदाराकडेच मागितला जाईल, कारण तोंडी सौद्याला साक्षीदार नसतो.