संचारबंदी आणि घरची तयारी

वाराणसीच्या दुर्गाघाट, ब्रह्माघाट परिसरात मराठी कुटुंबे पिढ्यानपिढ्या राहत आली आहेत. या शहराने नोव्हेंबर १९९१ मधील दंगल व संचारबंदी अनुभवली. ७ मार्च २००६ रोजी संकटमोचन मंदिर आणि कँटोन्मेंट रेल्वे स्थानकातील बॉम्बस्फोटही पाहिले.

संचारबंदीत खात्यातील शिल्लक असून नसल्यासारखी होते. इंटरनेट सेवा स्थगित झाल्यास मोबाइलवरून पैसे देणे अवघड होते. दूधवाल्याला रोखच द्यावी लागते. त्यामुळे आठवड्याच्या खर्चापुरती रोकड घरी असावी, तीही पन्नास-शंभराच्या नोटांत. पाचशेची मोड अशा वेळी कोण देणार? रक्तदाब, मधुमेहाच्या गोळ्या पंधरवड्याच्या तरी असाव्यात.

पासबुक, ठेवपावत्या व विमापत्रे जलरोधक पिशवीत ठेवावीत. घाटावरील घरांना दंगलीहून पुराचे भय अधिक. १९७८ मध्ये गंगेची पातळी ७३.९० मीटरवर पोहोचली होती.

सर्वाधिक हेळसांड होते ती नामनिर्देशनाची. ते नसल्यास कर्त्या पुरुषाच्या पश्चात कुटुंबाला आपल्याच पैशांसाठी वारसाहक्काची कागदपत्रे जमवावी लागतात. १ नोव्हेंबर २०२५ पासून ठेवीसाठी चार व्यक्तींपर्यंत नामनिर्देशन करता येते, हवे तर प्रत्येकीचा हिस्सा ठरवून. लॉकरसाठी मात्र नावे एकामागून एक अशा क्रमानेच द्यावी लागतात.