ऊस तुटला की पाइपलाइनची चारी खणा

लेह-लडाखमध्ये पाइप उघड्यावर राहिला, तर हिवाळ्यात आतलं पाणी गोठतं, सुमारे नऊ टक्के फुगतं आणि पाइप फुटतो. आपल्या महाबळेश्वरात वेण्णा तलावाच्या काठी कडाक्याच्या पहाटे दवबिंदू गोठतात, पण कराडच्या कृष्णा-कोयनाकाठी पाइपातलं पाणी गोठेल अशी थंडी पडत नाही. तरीही डिसेंबर-जानेवारीत पीव्हीसी पाइपलाइन पुरताना थंडी ध्यानात घ्यावीच लागते.

या दिवसांत दुपारी पारा तिशीला टेकतो आणि पहाटे बारा-तेरापर्यंत उतरतो. उन्हात पडलेला पाइप तर हवेपेक्षाही जास्त तापतो. तापमान 20 अंशांनी उतरलं, तर 100 मीटर लांबीची लाइन साधारण 12 ते 14 सेंटिमीटर आखडते. भर दुपारी पाइप सरळ, ताणून जोडले आणि लगेच माती लोटली, की रात्री हा सगळा ताण जोडांवर येतो. थंडीत सोल्युशनही उशिरा पक्कं होतं. पुढे मोटर सुरू करताना दाब बसला, की तिथेच गळती सुरू होते. म्हणून दव वाळल्यावर सकाळीच जोडकाम करा. चारीत पाइप किंचित नागमोडी सोडा. दुसऱ्या दिवशी पहाटेच्या गारव्यात पाइपावर माती टाका, जोड मात्र उघडे ठेवा. निदान 24 तास गेल्यावर वॉल हळूहळू उघडून लाइन भरा, एकेक जोड तपासा आणि मगच बुजवा. इथली घाई सर्वांत महाग पडते.

खोली किती? दुसऱ्याच्या रानातून पाणी नेण्याची परवानगी महाराष्ट्र जमीन महसूल संहितेच्या कलम 49 खाली तहसीलदार देतात, आणि तिथे पाइप निदान अर्धा मीटर खोल असावा लागतो. माझ्या मते बागायती काळ्या रानात एवढ्यावर थांबू नये. पाइपाच्या पाठीवर तीन फूट माती हवी. सबसॉयलर दीड-दोन फूट खाली जातो. काळी जमीन उन्हाळ्यात भेगाळते, पावसात फुगते आणि पाइपाला हलवत राहते. चारीच्या तळाला चार इंच वाळू किंवा चाळलेली मऊ माती पसरा, पाइपाच्या वरही फूटभर तीच टाका. दगड-ढेकळं थेट पाइपावर पडू देऊ नका. थंडीत पीव्हीसी ठिसूळ होतो, घाव सोसत नाही.

उसाच्या भरल्या ट्रॉल्या जिथून जातात, त्या वाटेखाली पाइप सिमेंटच्या मोठ्या नळ्यातून घ्या. चढाच्या माथ्यावर एअर वॉल बसवा. सखल टोकाला गाळ काढायला वॉश-आउट ठेवा, नदीच्या पाण्यावरच्या लाइनला तर तो हवाच.

वेळ हीच योग्य. ऊस कारखान्याला गेला, रान मोकळं झालं, आणि सुरू लागणीच्या सऱ्या अजून पाडायच्या आहेत. खोडवा राखणार असाल तर बांधाच्या कडेनं चारी घ्या. बुजवण्याआधी प्रत्येक वळण, टी आणि वॉल बांधापासून किती फुटांवर आहे, ते मोजून वहीत लिहा, फोटो काढा आणि त्याची एक प्रत शेजारच्या शेतकऱ्यालाही द्या, म्हणजे त्याचा जेसीबी तुमच्या लाइनवर चालणार नाही.