बर्फावरील गाडीचे सुकाणू : स्कीची निवड आणि जुळणी

चामराजपुरम हे म्हैसूर शहरातील एक लहानसे रेल्वे स्थानक आहे. म्हैसूर जंक्शनहून नंजनगूडकडे जाणारा लोहमार्ग येथून पुढे अशोकपुरमला जातो. फलाटावर उभे राहून थांबलेल्या गाडीच्या चाकाकडे पाहिले असता त्याच्या आतील अंगास एक उभी कड दिसते. इंजिनचालकाच्या हाती सुकाणू नसते. गाडीने कोठे वळावयाचे हे रुळांनी आधीच ठरवून ठेवलेले असते, आणि चाक रुळाबाहेर जाऊ न देण्याचे काम ही कड करते. (सौम्य वळणावर चाकाचा उतरता घेरच गाडीस वळवितो व कड रुळास टेकतही नाही, ती अखेरची राखण होय.) स्थानकाबाहेरील रस्त्यावर रूळ नाहीत. तेथे सायकल वळते ती टायर आणि डांबर यांच्यामधील घर्षणाच्या बळावर. आता ज्या भूमीवर रूळही नाहीत आणि घर्षणही जवळजवळ नाही, तेथे गाडी वळवावयाची कशी?

ज्या नगरीत बर्फ कधी पडत नाही तेथे हा प्रश्न अप्रस्तुत वाटेल. परंतु तो तसा नाही. याच म्हैसुरात १९६१ साली संरक्षण अन्न संशोधन प्रयोगशाळा स्थापन झाली. सैनिकांसाठी टिकाऊ, हलके व पौष्टिक अन्न तयार करणे हे तिचे कार्य. सियाचीनसारख्या अतिउंच ठाण्यांवरील जवानांसाठीही तेथे अन्नाचे प्रकार सिद्ध झाले आहेत. सियाचीन ही सुमारे ७६ किलोमीटर लांबीची हिमनदी; १९८४ च्या एप्रिलपासून भारतीय सेना तेथे ठाण मांडून आहे. अशा ठिकाणी सामान पोहोचते ते हेलिकॉप्टरने, माणसांच्या पाठीवरून आणि सैन्यात ‘स्नो स्कूटर’ या नावाने ओळखल्या जाणाऱ्या बर्फगाडीवरून. हिमनदीच्या पृष्ठभागावर खोल भेगा असतात व पुष्कळदा त्या ताज्या बर्फाने झाकलेल्या असतात. पाहणी करून आखलेल्या वाटेवरून गाडी चार हात बाजूस गेली तर काय होईल, हे सांगावयास नको. तेव्हा ती चालकाच्या इच्छेप्रमाणे वळते की नाही, हा तेथे जिवाचा प्रश्न ठरतो.

या गाडीची रचना थोडक्यात अशी. मागे रबराचा एक रुंद, अखंड पट्टा असतो. इंजिन तो फिरविते आणि त्यावरील उंचवटे बर्फास मागे रेटून गाडीस पुढे नेतात. पुढे चाकांच्या जागी दोन स्की, म्हणजे टोकाशी वर वळलेल्या दोन लांबट फळ्या असतात. चालकाच्या हातातील दांडी फिरली की त्या फिरतात. ढकलणारा अवयव मागे व वळविणारा पुढे, ही वाटणी वाचकाने ध्यानात ठेवावी. पुढील विवेचनात तिचा वारंवार उपयोग होईल.

असे वाहन घडविणाऱ्यांत कॅनडातील क्वेबेक प्रांताच्या व्हॅलकूर गावचा यंत्रज्ञ जोसेफ-आर्मां बोंबार्दिए याचे नाव अग्रभागी आहे. १९३४ च्या हिवाळ्यात त्याचा दोन वर्षांचा मुलगा इव्हाँ मरण पावला. बर्फाने रस्ते बंद असल्यामुळे त्यास वेळेवर रुग्णालयात नेता आले नाही. बर्फावर चालणाऱ्या वाहनाचा नाद बोंबार्दिएला लहानपणापासूनच होता. या आघातानंतर त्याचे प्रयत्न अधिकच नेटाने चालले. १९३७ साली त्याच्या पट्ट्याच्या रचनेस पेटंट मिळाले, सात माणसांची बंदिस्त हिमगाडी बाजारात आली, आणि १९५९ साली एकदोघांना बसता येईल अशी हलकी गाडी निघाली. त्या पिढीच्या गाड्यांच्या स्की पोलादी पत्र्याच्या असत. पुढे त्यांची जागा पॉलिएथिलीन या चिवट प्लास्टिकने घेतली.

कारखान्यातून येणारी स्की ही सर्वांना थोडी थोडी मानवेल अशी केलेली असते. शिंप्याकडे न जाता बाजारातून आणलेला तयार सदराच तो. म्हणून हिमप्रदेशांत मूळ स्की काढून निराळ्या घडणीची बसविण्याची चाल आहे. मात्र नवी स्की बसविली की गाडी आपोआप आज्ञाधारक होते, ही समजूत चुकीची आहे. असे का, हे कळण्यास स्की गाडीस वळविते कशी हे प्रथम पाहिले पाहिजे.

बर्फातील चर

स्कीचा तळ सपाट असता तर ती नुसती घसरली असती. चालकाने दांडी डावीकडे फिरविली असती, स्कींची तोंडे डावीकडे झाली असती आणि गाडी मात्र सरळच गेली असती. म्हणून स्कीच्या तळाशी मध्यभागी लांबीच्या दिशेने एक उंचवटा असतो. त्यास आपण ‘कणा’ म्हणू. हा कणा बर्फात चर पाडीत जातो. स्की तिरपी झाली की चराची भिंत कण्यास बाजूने रेटते, आणि या रेट्यानेच गाडीचे तोंड वळते. आगगाडीस रूळ अंथरून मिळतात. बर्फगाडी आपला रूळ स्वतःच खोदीत जाते, एवढाच फरक.

कण्याच्या खाली पोलादी सळई असते आणि तिच्या मध्यभागी टंग्स्टन कार्बाइड या अतिकठीण पदार्थाचे तुकडे डाखाने बसविलेले असतात. बैलगाडीच्या लाकडी चाकावर लोखंडी धाव चढवितात, ती झिजते आणि चाक वाचते. ही सळई म्हणजे स्कीची धावच होय आणि तिला तेच नाव शोभेल. फरक असा की ही धाव झिजण्यापुरतीच नसून कडक बर्फात रुतण्यासाठीही आहे. कार्बाइडची धार साठ अंशांच्या कोनाची असेल तर ती अधिक रुतते. नव्वद अंशांची कमी रुतते, पण जास्त टिकते. कार्बाइडचा भाग साधारणतः १० ते २० सेंटिमीटर लांब असतो. जितका लांब तितकी पकड अधिक, आणि दांडी फिरविण्यास हातांना श्रमही अधिक.

कोणती स्की घ्यावी

‘बर्फ’ हा शब्द एकच असला तरी वस्तू एक नाही. ताज्या भुसभुशीत हिमाच्या एका घनमीटरचे वजन ५० ते १०० किलोग्रॅम भरते. वाऱ्याने दाबून बसविलेल्या हिमाचे ३०० ते ४००. आणि हिमनदीच्या घट्ट बर्फाचे ९०० च्या आसपास. पहिल्यात माणूस कमरेपर्यंत बुडतो, शेवटच्यावर कुदळ उडते. एकच स्की दोहोंस सारखीच योग्य कशी ठरावी?

भुसभुशीत हिमात मुख्य प्रश्न तरंगण्याचा. समजा, दोन्ही स्कींवर मिळून ७० किलोग्रॅम भार आहे आणि प्रत्येक स्कीचा टेकणारा भाग ९० सेंटिमीटर लांब व १६ सेंटिमीटर रुंद आहे. एकूण क्षेत्र २,८८० चौरस सेंटिमीटर झाले, म्हणजे दर चौरस सेंटिमीटरवर सुमारे २४ ग्रॅम दाब. तेवढ्याच वजनाचा माणूस दोन पावलांवर उभा राहिला तर हा दाब १७५ ग्रॅमच्या घरात जातो. आता स्कीची रुंदी २० सेंटिमीटर केली तर दाब २४ वरून सुमारे १९ ग्रॅमवर येतो. आकडा लहान दिसतो, पण स्कीचे टोक हिमाखाली घुसते की वर राहते याचा निर्णय पुष्कळदा एवढ्याच फरकाने होतो. म्हणून खोल हिमासाठी १८ ते २२ सेंटिमीटर रुंदीच्या स्की निवडतात.

हीच रुंद स्की दाबून केलेल्या वाटेवर मात्र अडचणीची होते. तेथे तरंगण्याची गरजच नसते. रुंद तळ कण्याचा भार वाटून घेतो, कणा पुरेसा रुतत नाही, आणि गाडी वळणावर सरळ निसटू पाहते. अशा वाटेस १४ ते १६ सेंटिमीटरची अरुंद, खोल कण्याची आणि चांगल्या धावेची स्की बरी. काही स्कींना एकाऐवजी दोन समांतर कणे असतात. त्यांनी पकड वाढते आणि जुन्या चाकोऱ्यांत अडकण्याची खोडही कमी होते. परंतु वजन, खर्च आणि दांडीचा जडपणा वाढतो. मिश्र प्रदेशात वावरणाऱ्याने दोहोंचा मध्य साधावा हे उघड आहे. मात्र ज्या बर्फावर गाडीचे बहुतेक तास जातात त्याचाच विचार मुख्यत्वे करावा. वर्षातून दोनदा लागणाऱ्या बर्फासाठी रोजची स्की निवडू नये.

तळ प्लास्टिकचा का, याचेही कारण मनोरंजक आहे. बोडन आणि ह्यूज या शास्त्रज्ञांनी स्वित्झर्लंडमधील युंगफ्राऊयोख या उंच खिंडीत प्रयोग करून १९३९ साली असे दाखविले की, घसरताना घर्षणाच्या उष्णतेने बर्फाचा अतिशय पातळ थर वितळतो आणि ते पाणीच वंगणाचे काम करते. धातू ही उष्णता चटकन ओढून घेतो, म्हणून कडक थंडीत धातूचा तळ अधिक अडखळतो. प्लास्टिक उष्णतेचे मंद वाहक असल्यामुळे पाण्याचा थर टिकतो. फार कडाक्याच्या थंडीत मात्र हा थर नीट होत नाही व हिम वाळूसारखे रखरखीत लागते. तेथे कोणत्याही तळाचे फारसे चालत नाही.

बसविताना

स्की विकत घेणे सोपे. जुळणी करणे हे खरे काम. गाडीच्या उभ्या दांड्याच्या तळाशी आडवा बोल्ट असतो, त्यावर स्की झुल्याप्रमाणे पुढेमागे हलते. नवी स्की तिच्यासाठीच केलेल्या जोडसामानानेच बसवावी. बाजूच्या चकत्या कमी पडल्या तर स्की डुगडुगते, जास्त झाल्या तर अडकते. बोल्ट घट्ट केल्यावर ती हाताने वरखाली सहज हलली पाहिजे, पण डावीउजवीकडे हलता कामा नये. रुंद स्की घेतली असल्यास दांडी दोन्ही बाजूंस पूर्ण फिरवून ती कोठे घासत नाही ना, हे पाहावे. स्प्रिंग दाबली गेल्यावर काय होते हेही तपासावे, कारण उभ्या गाडीवर न घासणारी स्की खड्ड्यात घासू शकते.

त्यानंतर समांतरतेची पाळी येते. प्रथम दांडी बरोबर मध्यावर आणून बांधावी. सांध्यांतील ढिलेपणा मापात येऊ नये म्हणून दोन्ही स्कींची टोके ताणाच्या रबरी दोरीने एकमेकींकडे ओढून ठेवतात. मागील पट्ट्याच्या कडेस एक लांब सरळ पट्टी लावून प्रत्येक स्की त्या रेषेशी पडताळावी. मग दोन धावांमधील अंतर बोल्टच्या २५ सेंटिमीटर पुढे एकदा व तितकेच मागे एकदा मोजावे. पुढील माप मागीलपेक्षा ३ ते ६ मिलिमीटर जास्त असावे, म्हणजे स्की पुढून किंचित फाकलेल्या असाव्यात. प्रत्येक स्की थोडी बाहेर ओढते, सांध्यांतील सैलपणा ताणला जातो आणि गाडी सरळ चालते. (अनेक मोटारींत चाके पुढून किंचित आत वळलेली ठेवतात, तो नियम येथे आणू नये.) टोके आत वळलेली असतील तर दोन्ही स्की एकमेकींशी झुंजतात. ज्या गाडीची मूळ स्की ‘वाईट’ म्हणून काढून टाकली जाते, तिचे हे माप आधी घेतले असते तर पुष्कळ पैसा वाचला असता, असे म्हणण्यास जागा आहे.

दुसरी खोड भरकटण्याची. आधीच्या गाड्यांनी पाडलेल्या चाकोऱ्यांत कणा शिरतो आणि गाडी अचानक डावीउजवीकडे झेप घेते. याचे मर्म सामानाच्या हातगाडीच्या फिरत्या चाकात दिसते. त्या चाकाचा टेकण्याचा बिंदू त्याच्या खुंटीच्या मागे असतो, म्हणून ते ओढले की आपोआप सरळ होते. खुंटीच्या पुढे ठेवून ढकलले तर ते गरकन फिरते. स्कीचेही असेच. धावेचा सर्वाधिक दाब बोल्टच्या पुढे पडत असेल तर स्की प्रत्येक चाकोरीच्या मागे धावते. तो थोडा मागे असेल तर ती शांत राहते. बोल्टखाली स्की आणि दांडा यांच्यामध्ये एक रबरी ठोकळा असतो. त्याच्या बैठकीत पातळ पट्टी घालून दाबाची जागा सरकविता येते. पट्टी अगदी पातळ घ्यावी, कारण टोक फार खाली झुकले तर ते हिमात घुसेल.

राहिला भार. कणा कितीही खोल असला तरी त्यावर वजन नसेल तर तो रुतणार नाही. पट्ट्याच्या आतील सांगाड्याची पुढची भुजा एका मजबूत नाडीने धरलेली असते. ती आखूड केली की गाडीचा अधिक भार स्कींवर येतो. सैल सोडली की तो पट्ट्यावर जातो. पुढील स्प्रिंगा ताणूनही हा भार वाढविता येतो. मागे सामानाची घसरगाडी जोडलेली असेल आणि चढ असेल तर भार आपोआप मागे सरकतो, स्की हलक्या होतात, आणि नेमक्या त्याच क्षणी दांडी निरुपयोगी होते. सामान वाहणाऱ्या चालकाने जुळणी करावयाची ती रिकाम्या गाडीवर नव्हे, तर रोजच्या ओझ्यासह, हा नियम यातूनच निघतो.

परंतु स्कींची पकड वाढविताना मागचा पट्टा विसरता येत नाही. पुढील टोक घट्ट धरले गेले आणि पट्ट्याची बाजूची पकड दुबळी राहिली, तर वळणावर गाडीची शेपूट बाहेर निघते व गाडी स्वतःभोवती फिरते. गुळगुळीत बर्फावर नव्या, धारदार धावा चढविलेल्या गाड्यांचे हे नेहमीचे दुखणे आहे. पट्ट्यास टोकदार खिळे बसवून, अथवा आखूड कार्बाइडची धाव घेऊन, दोन्हींचा मेळ घालावा लागतो. कमी वळणारी गाडी चालकास निदान आधी कळते. शेपूट फेकणारी गाडी तेवढा अवधी देत नाही.

जुळणीनंतरची पहिली फेरी सपाट, मोकळ्या जागी, मंद गतीने घ्यावी. दांडी सैल धरून सरळ जावे, मग उतरून मागे उमटलेले चर पाहावेत. दोन्ही सारख्या खोलीचे व स्वच्छ कडांचे असतील तर भार समान आहे. एक खोल व एक उथळ असेल तर एका बाजूची स्प्रिंग अधिक ताणलेली आहे. चराची एक कड ओरखडलेली दिसली तर ती स्की तिरपी ओढली जात आहे, आणि समांतरतेचे माप पुन्हा घ्यावे लागेल. परत आल्यावर बोल्टांचे नट पाना लावून एकदा तपासावेत, कारण नवा रबरी ठोकळा पहिल्या काही मैलांतच दबून बसतो व घट्ट वाटलेला सांधा सैल होतो.